तोतऱ्यांची पट्टी

एका पोराचं नाव मी बदललं, ते मला स्वतःला उच्चारता येत नव्हतं म्हणून. बाकी जी कारणं मी त्या वेळी दिली त्या सगळ्या थापा होत्या. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि त्या पोराला तर नाहीच.

मी तोतरा आहे. लहानपणी होतो असं नव्हे, आहे. चाळिशी उलटली तरी आहे. घरात कुणाला याचा पत्ता नाही, आणि त्यात घरच्यांचा भोळेपणा कमी, माझी चलाखी जास्त. ‘न’ हे अक्षर तोंडाशी आलं की माझी जीभ टाळूला चिकटून बसते. ‘प’चंही पुष्कळदा तसंच. पण ते अक्षर येणार हे मला दोन शब्द आधीच दिसतं आणि मी वाट बदलतो. लोक नमस्कार म्हणतात, मी रामराम म्हणतो, माणूस तसा असला तर आदाब. लोक ‘नाही’ म्हणतात, मी ‘छे’ म्हणतो, ‘कशाला’ म्हणतो, नाहीतर नुसतं तोंड वाकडं करतो. पाणी हवं असलं की तांब्याकडे बोट दाखवतो. औंढ्याच्या देवाचं नाव मी उभ्या जन्मात मोठ्यानं घेतलेलं नाही. ‘औंढ्याचा देव’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मास्तर किती अदबीनं बोलतात.

निजामाच्या राज्यात जन्मलो हे माझं नशीब. मराठी शब्द अडला की उर्दू हाताशी असायचा. निकाल अडला की फैसला, पत्र अडलं की खत, पुरावा अडला की सबूत. गावोगाव माझी ख्याती, की या मास्तरला उर्दू फार येतं. मला उर्दू बेताचंच येतं. पळायला लागतं तेवढं येतं.

गेल्या भाद्रपदात ते राज्य गेलं. आता शाळेत, दफ्तरात सगळं मराठीत चालणार म्हणतात. आनंदाची गोष्ट आहे, वाटलेला पेढा मीही खाल्ला. पण परवा वर्गात मी ‘खत’ म्हणालो आणि पुढच्या रांगेतलं एक पोरगं हसत म्हणालं, “गुर्जी, आता पत्र म्हनायचं.” सगळा वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं आणि फळ्याकडे वळलो. तेव्हा आज ना उद्या हे उघडं पडणार. दुसऱ्या कुणी चव्हाट्यावर मांडण्याआधी मीच लिहून टाकतो. यात मोठेपणा काही नाही. लिहायला जीभ लागत नाही, एवढंच.

मला मास्तरकी मिळाली तेव्हा मी विशीत होतो. आखाडा बाळापूरपासून दोन-तीन कोसांवरचं गाव. शाळा म्हणजे एक लांबट खोली, पुढं ओसरी आणि ओसरीसमोर लिंब. आम्ही तिघं मास्तर. थोरल्यांना सरकारी बोलीत सदर मुदर्रिस म्हणायचे, आम्ही सदरसाहेब म्हणायचो. दुसरे मधले मास्तर, त्यांचं मुख्य काम दुपारी भिंतीला टेकून डोळे मिटणं आणि उरलेल्या वेळात दुसऱ्याची टिंगल करणं. तिसरा मी.

सदरसाहेबांचा सगळा जीव मोहतमीम साहेबांच्या दौऱ्यात अडकलेला. मोहतमीम म्हणजे शाळा तपासणारा अंमलदार. वर्षातून एकदा यायचा, पोरांना एकेक करून पुढं बोलवायचा, तोंडी प्रश्न विचारायचा आणि जाताना शेरा लिहायचा. त्या एका दिवसासाठी शाळा वर्षभर श्वास घ्यायची. बाकीचे दिवस पोरं पाढे ओरडायची आणि सदरसाहेब पान जमवत बसायचे. पाढे बरोबर आहेत की चूक, हे त्यांना आवाजाच्या उंचीवरून कळायचं.

मी रुजू होण्याच्या आदल्या दौऱ्यात एका तोतऱ्या पोरानं साहेबापुढं स्वतःचं नाव सांगायला इतका वेळ घेतला, की सदरसाहेबांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. त्यावर त्यांनी इलाज काढला. तोतरी, बोबडी, नाकात बोलणारी अशी शाळेत जितकी पोरं होती ती निवडून बाजूला काढली. भाजी निवडताना किडकी शेंग काढतात तशी. ओसरीच्या टोकाला तरटाची पट्टी अंथरली आणि त्यांना तिथं बसवलं. साहेब आला की पट्टी गुंडाळायची आणि पोरांना घरी हाकलायचं, एवढीच मूळ योजना. पण तोवर त्यांच्यापुढं कुणीतरी बसलेलं दिसायला हवं होतं.

“तुमच्या बोलण्यात कसा ठहराव असतो,” सदरसाहेब मला म्हणाले. “एकेक लफ्ज तोलून टाकता. ह्या पोरांना तेच शिकवा. जिभा सरळ करा त्यांच्या.”

माझा ठहराव म्हणजे अडलेल्या शब्दापुढं उभं राहून पळवाट धुंडाळायला लागणारा वेळ. त्या माणसानं अर्धं आयुष्य पोरं शिकवण्यात घालवलं होतं, आणि समोर बसलेला तोतरा त्याला ओळखू आला नव्हता. मला ‘नाही’ म्हणायचं होतं. पण ते म्हणता आलं असतं तर रडणं कशाचं होतं. मी मान डोलावली.

मधल्या मास्तरांनी त्याच दिवशी माझ्या वर्गाला ‘तोतऱ्यांची पट्टी’ असं नाव ठेवलं. रोज सकाळी ओसरीवरून जाताना विचारायचे, “काय मास्तर, किती जिभांना इस्त्री झाली?” मी हसायचो. हसायला अक्षर लागत नाही.

माझ्या पट्टीवर पाटलाचा धाकटा होता. त्याला ‘र’ म्हणता यायचा नाही, ‘ल’ म्हणायचा. त्याचं बोबडं गावाला फार गोड लागायचं, बायका त्याला थांबवून मुद्दाम बोलायला लावायच्या. बोबडं पाटलाच्या घरचं असलं की गोड लागतं. मणियाराचा एक पोरगा होता, त्याच्या टाळूला जन्मतःच भेग होती आणि त्याचं सगळं बोलणं नाकातून यायचं. त्याला कुणी थांबवून बोलायला लावत नव्हतं. तो मात्र भलताच चलाख. मधले मास्तर झोपेत कसे घोरतात ते तो नाकातूनच हुबेहूब करून दाखवायचा. आणखी दोन-चार होती. कुणाच्या आईनं जिभेवर मधातून वेखंड उगाळून लावलेलं, कुणाला पोपटानं टोकलेला पेरू चारलेला. हे उपाय ऐकून मला हसू यायचं आणि माझ्या स्वतःच्या उपायांची मात्र ऐट वाटायची. काय होते माझे उपाय? आमच्या भागात कापसाला तोटा नाही. मी प्रत्येकाच्या तळहातावर सरकीएवढा कापसाचा पुंजका ठेवायचो आणि ‘फ’ म्हणायला लावायचो. कापूस उडाला तर अक्षर बरोबर, न उडाला तर पुन्हा. सगळी पट्टी ‘फ फ’ करत बसायची, ओसरीभर कापूस उडायचा, आणि जाणारे-येणारे बैलगाडी थांबवून बघायचे.

पुढं पाटलाच्या पोराचे दुधाचे दात पडले, नवे आले आणि त्याचा ‘ल’ आपोआप ‘र’ झाला. त्याचं श्रेय मला मिळालं. मी ते घेतलं. पाटलानं शाळेत नारळ पाठवला, सदरसाहेबांनी तो फोडला, आणि बाळापूरच्या बाजारात गोष्ट पसरली की अमक्या शाळेत जीभ वळवणारा मास्तर आलाय. मग थेट साखऱ्याहून गाडी जुंपून लोक लेकरं घेऊन यायला लागले. मी लेकराचं तोंड उघडून आत बघायचो, ‘हूं’ म्हणायचो, कापूस द्यायचो आणि म्हणायचो, सकाळ-संध्याकाळ करा, फरक दिसेल. काय बघत होतो मी त्या तोंडांत? लोकांना मात्र तेवढ्यानं समाधान व्हायचं. ज्याला काही येत नाही त्याच्या ‘हूं’वर माणसं सगळ्यात लवकर भरवसा टाकतात, हे मी त्या वर्षात शिकलो.

आता त्या पोराकडे येतो.

तो माझ्या पट्टीवर पहिल्या दिवसापासून होता. सदरसाहेबांचं पान ज्याच्यामुळं तोंडात राहिलं तो हाच. बाप कोरडवाहू ज्वारी-कापूस करणारा, अबोल माणूस. आईची आधीची लेकरं जगली नव्हती. मग तिनं औंढ्याच्या देवाला नवस केला, आणि पोरगं जगलं म्हणून त्याला देवाचंच नाव ठेवलं. दर शिवरात्रीला ती त्याला औंढ्याला नेऊन देवापुढं उभं करायची आणि पुजाऱ्याकडून शंखातलं पाणी पाजून आणायची. देवाच्या नावाचं पोरगं, आणि त्याला त्याच नावापाशी जीभ अडायची.

तो हुशार होता. हिशेब तोंडी करायचा, पण उत्तर जमिनीवर बोटानं लिहून दाखवायचा. बोलायची वेळ आली की जबडा पुढं यायचा, मानेची शीर फुगायची, डोळे मिटायचे. मी ते बघत नसे. समोरच्या लिंबाकडे बघायचो. बाकीच्या पोरांची मला कधी कीव यायची, कधी कंटाळा. या एकाची मला किळस यायची. मी एकांतात आरशापुढं उभा राहून जो चेहरा कधी बघितला नव्हता, तो हा पोरगा रोज भर दिवसा ओसरीवर काढून दाखवत होता. आणि त्याचं नाव मला घेता येत नव्हतं. हजेरी घेताना मी त्याच्यापाशी येऊन थांबायचो, वर बघायचो, तो मान हलवायचा, मी पुढं जायचो. इतरांना मी नावानं हाक मारायचो, त्याला ‘ए’ म्हणायचो. पोरगं तेवढ्यालाही धावत यायचं.

एकदा मी पट्टीला कापसाबद्दल काहीतरी सांगत होतो. वाक्य ‘पऱ्हाटी’वर येऊन उभं राहिलं. आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. माझ्याकडं त्याला दुसरा शब्द तयार नव्हता. मी खोकलो, छपराकडं बघितलं आणि म्हणालो, “ते कापसाचं झाड.” शेतकऱ्यांच्या पोरांपुढं हे बोलणं म्हणजे घरच्या गाईला ‘ते दूध देणारं जनावर’ म्हणण्यासारखं. बाकीची पोरं एकमेकांकडं बघून खिदळली. तो हसला नाही. तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

सुटीत सगळे लिंबाखाली पळाले. तो मागं राहिला. माझ्याजवळ आला आणि बोलायला लागला. वेळ लागला. मी लिंबाकडं बघत राहिलो.

“गुर्जी, तुमाला बी व्हतं का?”

“काय?”

“असं.” त्यानं स्वतःच्या गळ्याला बोट लावलं.

मी म्हणालो, “नाही.”

‘न’नं सुरू होणारा शब्द, माझ्या जन्माचा वैरी, त्या दिवशी तासून काढल्यासारखा साफ बाहेर पडला. त्याआधी नाही आणि त्यानंतरही कधी तो असा निघाला नाही. पोराची नजर खाली गेली. “बराबर,” तो पुटपुटला आणि बाहेर गेला. जगात असा आपण एकटेच आहोत, हे त्याला त्या दिवशी त्याच्या मास्तरकडून पक्कं कळलं.

मला भीती वाटायला लागली. पोरगं बाहेर बोलेल ही नव्हे, ते कुठं काय बोलणार होतं. पण त्यानं ओळखलं होतं, हे मला सहन होईना. मग मी त्याच्यावर मेहेरबान झालो. त्याला माझ्या चोरवाटा शिकवायला लागलो. माझ्या म्हणून नव्हे, शास्त्र म्हणून. हा शब्द अडला तर तो घे, तो अडला तर खोक, खोकून झालं की दुसरीकडून सुरू कर. पोरगं विलक्षण भरभर शिकलं. दोन महिन्यांत ते बोलायला लागलं, म्हणजे बोलल्यासारखं दिसायला लागलं. सदरसाहेब हरखले. मधले मास्तरही चिडवायचं थांबले. पट्टी गुंडाळायची योजना बदलून सदरसाहेबांनी ठरवलं, की यंदा हा पोरगाच साहेबापुढं सगळ्यात पुढं उभा करायचा. साहेबाला जो पोरगा पसंत पडेल त्या एकाला हिंगोलीच्या मोठ्या शाळेत फी माफ आणि राहायची सोय मिळायची. त्याच्या बापानं मला सांगून ठेवलं होतं की हिंगोली झाली तर झाली, न्हाई तर पावसाळ्यापासून ढोरामागं जाईल. पोरगं एकदाच मोठं वाक्य बोललं होतं, ते याबद्दल. त्याला हिंगोलीला जायचं होतं. रेल्वे बघायची होती, आणि गणित शिकायचं होतं.

अडचण एकच. सगळे शब्द बदलता येतात, नाव बदलता येत नाही. आणि साहेबाचा पहिला प्रश्न कायम तोच. शिवाय आमच्याकडची रीत अशी होती, की मास्तरानं पोराच्या नावाचा पुकारा करायचा, मग पोरानं पुढं यायचं, मग साहेबानं विचारायचं. म्हणजे ते नाव आधी मला घ्यावं लागणार होतं. सदरसाहेबांपुढं, पाटलापुढं, साहेबापुढं. रात्रंदिवस मला पोराचा जबडा दिसायचा नाही, माझाच दिसायचा.

मी सदरसाहेबांकडं गेलो आणि म्हणालो, हजेरीतल्या ह्या शब्दामुळंच लेकराची जीभ बांधली गेलीय. अक्षर जड आहे. हलकं अक्षर दिलं तर जीभ सुटेल, असं शास्त्र आहे. सदरसाहेबांना कुठलं शास्त्र ते विचारायचं सुचलं नाही. गावातल्या अर्ध्या पोरांची जन्मतारीख त्यांनी एकच टाकलेली होती, त्यांना नावाचं काय वाटणार. एका फटक्यात जुनं खोडलं आणि मी सांगितलेलं नवं लिहिलं. स्वरानं सुरू होणारं, फुंकरीसारखं तोंडातून निघणारं. त्याच्यासाठी निवडलं असं मी म्हणालो. मी ते आधी घरी स्वतःच्या तोंडानं म्हणून बघितलं होतं.

पोराला सांगितलं तेव्हा त्यानं ते नाव एकदा म्हटलं. अडलं नाही. पुन्हा म्हटलं. मग ओसरीवरून खाली उडी मारून लिंबाभोवती पळत ते नाव ओरडत सुटला. मणियाराच्या पोरानं नाकातून विचारलं, “ये कौन आया रे नवा?” आणि दोघं हसत राहिले. त्याला ते नाव आवडलं, हे खरं आहे. बचाव म्हणून सांगत नाही. आईबापांना विचारायचं मी टाळलं.

साहेब आले. मी पुकारा केला, खणखणीत. पोरगं पुढं आलं. नाव विचारलं, सांगितलं. प्रश्न विचारले, उत्तरं दिली, दोनदा खोकलं, एकदा मराठीतून उर्दूत उडी मारली, आणि साहेब खूष. सदरसाहेबांनी माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगितलं. साहेबांनी मला ‘शाबास’ म्हटलं.

त्याच्यामागं मणियाराचा पोरगा होता. सदरसाहेबांनी त्याला घरी धाडलं होतं, पण तो खांबाआडून परत आला होता आणि न बोलावता पुढं उभा राहिला. सदरसाहेबांचा चेहरा पडला. पोरगं बोलायला लागलं, शब्द सगळे नाकात. साहेब खुर्चीतून पुढं वाकले, कान त्याच्या तोंडाजवळ नेला आणि म्हणाले, “आहिस्ता बेटा. हमें कोई जल्दी नहीं.” आणि थांबले. पोराचं सगळं बोलणं होईपर्यंत थांबले. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी तिथं उभा होतो. म्हणजे माझा पोरगा त्याच्या खऱ्या नावापाशी अडला असता, तर हा माणूस असाच थांबला असता. ज्या भीतीपायी मी हे सगळं केलं तिला जागाच नव्हती. हे मला तेव्हाच कळलं. अजूनही वेळ होती. पुढं होऊन सांगता आलं असतं की साहेब, नाव दुसरं आहे. मी पुढच्या पोराचा पुकारा केला. शाबासकी ताजी होती.

हिंगोलीचा हुकूम आला तेव्हा सदरसाहेबांनी तो चावडीसमोर मोठ्यानं वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई शाळेत आली. डोक्यावरचा पदर दातात धरून ओसरीखाली उभी राहिली.

“मास्तर, ह्या कागदावर लिवलेला पोरगा कोनाचा हाय?”

“तुझाच की, मावशी,” मी म्हणालो. “सोयीसाठी जरा वेगळं लिहिलंय.”

“सोय कोनाची?”

“त्याच्या जिभेची.”

“जीब देवानं बांधली, देव सोडवंल. तुमाला कोनी सांगितलं व्हतं? त्या देवाच्या नावावर जगलं माझं लेकरू. तुमी त्येला दुसऱ्याच्या नावानं धाडून राहिले. काहून?”

मी शास्त्र सांगितलं. अक्षर जड, अक्षर हलकं. मी उर्दू शब्द घातले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “पोरगं सांगत व्हतं, गुर्जी मला हाकच मारत न्हाईत. सगळ्यांना मारतात, मला ए म्हनतात. मी म्हनलं, चुकत असंल तुजंच काही. आता एकदा माझ्यापुढं घ्या त्येचं नाव. मंग न्या हिंगोलीला.”

मधले मास्तर जागे होऊन बघत होते. पट्टीवरची पोरं कापूस हातात घेऊन बघत होती. तो पोरगाही बघत होता.

मी म्हणालो, “मावशी, सरकारी हुकूम झालाय, आता तो बदलणं अशक्य आहे. कामात आहे मी.” आणि आत गेलो.

मागून तिचं बोलणं ऐकू आलं. “लई शिकलेला मास्तर,” ती पोरांना म्हणत होती. “लेकराचं नाव बी पचंना त्येला.” पोरं हसली. मी आत कोपऱ्यात फळा पुसत उभा राहिलो. फळ्यावर काही नव्हतं.

पोरगं हिंगोलीला गेलं. पुढचं मला माहीत असायला हवं होतं. शब्दाची वाट जुनी झाली की तीही अडायला लागते, हे मी स्वतःच्या जिभेवर अनुभवलेलं होतं. रामराम म्हणायला लागलो तेव्हा सुखाचं गेलं, मग काही दिवस तोही अडायला लागला आणि मी आदाबवर गेलो. नवं नाव परकं होतं तोवर पोराच्या तोंडातून सुटलं. रोज हाका ऐकून, रोज हजेरी देऊन ते त्याचं झालं, आणि त्याचं झाल्याबरोबर अडलं. तिथल्या मास्तरानं त्याला नाव सांगेपर्यंत बाकावर उभं करायचा शिरस्ता धरला. माझा इलाज नावाचा, त्याचा बाकाचा. दुसऱ्या वर्षाच्या अर्ध्यात पोरगं पायी गावी परत आलं. आल्यावर बोलेना. आई जुन्या नावानं हाक मारायची तर बघायचा नाही, सोबती नव्या नावानं बोलवायचे तर बघायचा नाही. दोन्ही नावं त्याच्या दृष्टीनं दुसऱ्या कुणाची तरी होती.

हे मला कळलं ते सदरसाहेबांच्या तोंडून. तोवर माझी बढतीवर बदली झाली होती. जाताना मी गावातून न जाता मागच्या पांदीनं गेलो.

यंदा मार्गशीर्षात मेव्हण्याला बैल घ्यायचा होता म्हणून आम्ही बाळापूरच्या जनावरांच्या बाजाराला गेलो. तिथला सौदा तोंडानं होत नाही. दलाल आपल्या हातावर रुमाल टाकतो, घेणाऱ्याचा हात रुमालाखाली घेतो आणि बोटं दाबून भाव सांगतो. भोवती माणसं उभी असतात, पण कुणाला काही ऐकू येत नाही. मेव्हण्यानं एक बैल पसंत केला. “ह्या मुक्याकडून घेऊ,” तो म्हणाला, “फसवत न्हाई.” दलाल तिशीच्या आतला, फेटा बांधलेला. मेव्हण्याच्या हातात दावं होतं, म्हणून त्यानं मला पुढं केलं. दलालानं रुमाल टाकला आणि माझा हात घेतला.

मी त्याला मानेवरच्या शिरेवरून ओळखलं. त्यानं मला केव्हा ओळखलं कुणास ठाऊक, त्याची बोटं थांबली नाहीत. भाव दाबून सांगितला. मी दाबून उत्तर दिलं. त्यानं पुन्हा दाबलं, मी होकार दिला, सौदा झाला. हात सोडायच्या आधी तो क्षणभर थांबला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याची घाई नव्हती. मी बोलायचं ठरवलं तर तो थांबला असता.

मी म्हणालो, “बैल झकास आहे. चाल हलकी आहे.” एकही अक्षर अडलं नाही. अडेल असं एकही अक्षर मी त्यात घातलं नव्हतं.

त्यानं रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं गेला. मेव्हणा म्हणाला, “तुमची वळख दिसती मुक्यासंगं.” मी म्हणालो, “छे.”

त्यानं एकदा ओसरीवर मला विचारलं होतं, तुमाला बी व्हतं का. त्याचं खरं उत्तर मी त्याला देणं लागतो. त्याच्या तोंडावर, त्याच्या देवाच्या नावानं हाक मारून, जितका वेळ लागेल तितका घेऊन. ते अजून दिलेलं नाही.